तबकडीतून पोहोचलेली तालीम : उस्ताद अमीर खाँ

एका बाजूस मारवा आणि दुसऱ्या बाजूस दरबारी. उस्ताद अमीर खाँ यांची ही लाँग प्ले ध्वनिमुद्रिका ख्यालगायनाच्या विद्यार्थ्यांच्या किमान दोन पिढ्यांनी पाठ्यपुस्तकासारखी वापरली. ज्यांना खाँसाहेबांसमोर बसण्याचे भाग्य कधी लाभले नाही, त्यांनाही तिने विलंबित लयीचा आणि स्वरविस्ताराचा पाठ दिला. मात्र तबकडीतून इतरांना घडवणाऱ्या या गायकाची स्वतःची जडणघडणही मोठ्या प्रमाणात श्रवणातूनच झाली होती.

अमीर खाँ यांचा जन्म १५ ऑगस्ट १९१२ रोजी झाला. त्यांचे वडील शाहमीर खाँ हे भेंडीबाजार घराण्याशी निगडित सारंगीवादक होते आणि इंदूरच्या होळकर दरबारात त्यांची सेवा होती. याच घराण्याच्या नझीर खाँ यांच्याकडे पेडण्यातील मालपे गावच्या अंजनीबाई मालपेकर शिकल्या. त्यामुळे गोमंतकीय रसिकांना ही परंपरा परकी नाही. आईचे छत्र बालपणीच हरपलेल्या अमीरने वडिलांकडून आधी सारंगी आणि मग गायन आत्मसात केले. या शिक्षणाचा कणा होता मेरुखंड, म्हणजे ठरावीक स्वरांच्या सर्व संभाव्य रचनांचा क्रमबद्ध अभ्यास. चार स्वरांच्या अशा २४ रचना होतात, तर सात स्वरांच्या तब्बल ५०४०. ही गणिती शिस्त पुढे त्यांच्या गाण्यात इतकी मुरली की तिचे गणित श्रोत्याला जाणवेनासे झाले.

१९३४ च्या सुमारास ते मुंबईस आले. काही मैफली झाल्या, ७८ फेऱ्यांच्या काही तबकड्याही निघाल्या. पण त्यांना फारसा प्रतिसाद लाभला नाही. तीन-साडेतीन मिनिटांच्या त्या तबकडीत चमकदार तान किंवा ठसकेबाज ठुमरी सहज मावे; राग सावकाश उलगडू पाहणाऱ्या गायकास तिथे वाव नव्हता. १९३६ मध्ये ते रायगढचे राजे चक्रधर सिंह यांच्या पदरी राहिले. राजांच्या वतीने मिर्झापूरच्या संगीत परिषदेत गात असता श्रोत्यांनी गोंगाट करून त्यांना पंधरा मिनिटांतच थांबवले. ठुमरी गाऊन वेळ निभावून न्यावी, असे आयोजकांनी सुचवले. अमीर खाँ यांनी नकार दिला आणि ते मंचावरून उतरले. पुढच्याच वर्षी वडीलही गेले.

त्यानंतरचा काळ आत्मशोधाचा ठरला. किराणा घराण्याचे अब्दुल वहीद खाँ यांची धीमी, ध्यानस्थ बढत त्यांनी ऐकून ऐकून आपलीशी केली. देवासच्या रजब अली खाँ यांच्या तानांतील गुंतागुंत आणि भेंडीबाजारच्या अमान अली खाँ यांची सरगमही त्यांनी टिपली. या तिन्ही धारांतून त्यांनी स्वतःची गायकी घडवली आणि तीच पुढे इंदूर घराणे म्हणून ओळखली जाऊ लागली.

चित्रपटांनी त्यांचा आवाज घराघरांत नेला. ‘बैजू बावरा’ (१९५२) मध्ये द. वि. पलुस्करांबरोबरची जुगलबंदी गाजली. ‘झनक झनक पायल बाजे’ (१९५५) चे शीर्षकगीत सावंतवाडी संस्थानात जन्मलेल्या वसंत देसाई यांच्या संगीत दिग्दर्शनाखाली त्यांनी अडाण्यात गायले. परंतु त्यांच्या गायकीला खरा न्याय दिला तो लाँग प्ले तबकडीने. एका बाजूस सुमारे वीस मिनिटांचा अवकाश मिळाला आणि मिर्झापुरात नाकारली गेलेली संथ बढत घरोघरी शांतपणे ऐकली जाऊ लागली.

मारव्यात पंचम वर्ज्य, षड्जही जपून वापरायचा. खाँसाहेब कोमल ऋषभ आणि धैवत यांच्या आधाराने ती अस्वस्थता धरून ठेवतात आणि षड्ज लांबणीवर टाकतात. तो आला की श्रोत्याला विसावा मिळतो. दरबारीत मंद्र सप्तकातील गांभीर्य आणि आंदोलित गंधार. झूमऱ्याच्या चौदा मात्रांत कुठेही घाई नाही. पुढे मेघ आणि ललत, हंसध्वनी आणि मालकंस यांच्याही तबकड्या आल्या. एरवी गुरूच्या कृपेवर अवलंबून असलेली विद्या सुई उचलून पुन्हा त्याच जागी टेकवणाऱ्या कोणत्याही विद्यार्थ्यास ऐकता येऊ लागली. पंडित अमरनाथ, सिंह बंधू यांसारखे शिष्य त्यांना लाभलेच. पण सतारवादक निखिल बॅनर्जी यांच्या आलापीवरही त्यांची छाया पडली.

या प्रभावाला दुसरी बाजूही होती. अनेकांनी त्यांचा खर्ज आणि संथपणा उचलला. त्यामागची मेरुखंडाची मेहनत मात्र तबकडीत दिसत नव्हती. केवळ लय धिमी केली की गाणे गंभीर होते, असा समज त्यातून रुजला. अमीर खाँ यांनी स्वतः तीन थोरांना ऐकले, पण त्यांपैकी कोणाचीही नक्कल केली नाही. त्यांच्या ध्वनिमुद्रिकांसमोर बसणाऱ्या विद्यार्थ्यासाठी हा धडा मारव्याइतकाच मोलाचा आहे.

संगीत नाटक अकादमी पुरस्कार (१९६७) आणि पद्मभूषण (१९७१) हे सन्मान त्यांना मिळाले. १३ फेब्रुवारी १९७४ रोजी कोलकात्यात मोटार अपघातात त्यांचे निधन झाले, तेव्हा ते ६१ वर्षांचे होते. गायकी ऐन परिपक्व असताना ती मैफल थांबली. तबकड्यांवरचा मारवा मात्र नव्या विद्यार्थ्यांना आजही षड्जाची वाट पाहायला शिकवतो.