देवगिरीचे राजे रामदेवराव यादव

विद्यार्थी मित्रांनो, आपल्या लांजीचा किल्ला पाहिला की जुन्या राजांच्या गोष्टी निघतात. अशाच एका राजाची ओळख आम्ही येथे करून देत आहोत.

रामदेवराव १२७१ मध्ये गादीवर आले. नटांच्या वेशात निवडक साथीदारांसह ते देवगिरीत शिरले आणि चुलतभाऊ अम्मण याच्याकडून त्यांनी राज्य घेतले. हेमाडपंत त्यांच्या दरबारी होते. १२९० च्या ज्ञानेश्वरीत राजांचा गौरवाने उल्लेख आहे. १३१० च्या पुरुषोत्तमपुरी ताम्रपटात त्यांच्या विजयांमध्ये आपल्या शेजारच्या भंडाऱ्याचेही नाव येते.

पण १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खिलजी अचानक चालून आला. मुख्य सैन्य युवराज शंकरदेवांबरोबर दूर होते. धान्याची म्हणून किल्ल्यात आणलेली पोती मिठाची निघाली, असे सांगतात. अपार धन देऊन राजांना तह करावा लागला. १३०७ च्या सुमारास मलिक काफूरने त्यांना दिल्लीला नेले. तेथून ते मांडलिक होऊन परतले आणि १३११ च्या सुमारास वारले.

दूरचे मुलूख जिंकले, पण घरचे कोठार तपासायचे राहिले! परीक्षेच्या आदल्या रात्री पुस्तक उघडणाऱ्यांनी ही पोती जरूर आठवावीत, एवढेच आमचे सांगणे.