हवेचा थर ओळखणारे घाटगे

गाडीच्या छपराच्या मागच्या कडेला चिकटवलेले छोटे उभे पंख आणि डिकीवरचा आडवा पंखा आता सर्रास दिसतात. त्यामागचे शास्त्र विमानांकडून आले. ते भारतात रुजवणाऱ्या पहिल्या पिढीत एक मराठी नाव ठळक आहे : डॉ. विष्णू माधव घाटगे.

त्यांचा जन्म २४ ऑक्टोबर १९०८ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील गडहिंग्लज तालुक्यात, हसूरचंपू येथे झाला. पुढे जर्मनीत ग्योटिंगेन विद्यापीठात लुडविग प्रांटल यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी डॉक्टरेट मिळवली. प्रांटल यांनी १९०४ मध्ये एक साधी पण मूलभूत गोष्ट दाखवली होती. वस्तूला अगदी खेटून वाहणारा हवेचा पातळ थर घर्षणाने मंदावतो. पुढे उतार किंवा वळण आले की हा दमलेला थर पृष्ठभाग सोडतो आणि मागे भोवरे माजतात. हे गाडीच्या बाबतीत घडले तर इंधन जास्त जळते. विमानाच्या पंखावर घडले तर पंखाची उचलण्याची ताकद जाते आणि विमान खाली येऊ लागते.

घाटगे परतले तेव्हा देशात विमानउद्योग जवळजवळ नव्हताच. १९४० मध्ये वालचंद हिराचंद यांनी बंगळुरूत हिंदुस्थान एअरक्राफ्ट हा कारखाना काढला. घाटगे सुरुवातीच्या काळातच तिथे दाखल झाले. भारतीय विज्ञान संस्थेत १९४२ मध्ये वैमानिकी अभियांत्रिकीचा विभाग सुरू झाला, तिथे त्यांनी अध्यापनही केले.

स्वातंत्र्यानंतर हवाई दलाला शिकाऊ वैमानिकांसाठी स्वतःचे विमान हवे होते. नवशिक्याचा हात कच्चा असतो. वेग कमी आणि नाक वर, ही चूक त्याच्याकडून हमखास होते. नेमका तेव्हाच पंखावरचा थर सुटतो. त्यामुळे अशा विमानाची आखणी म्हणजे थेट जिवाशी गाठ. घाटगे यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेले दोन आसनांचे एचटी-२ हे विमान १९५१ मध्ये उडाले. अशी दीडशेहून अधिक विमाने बांधली गेली आणि वैमानिकांच्या अनेक तुकड्या त्यांवर शिकल्या. पुढे पुष्पक, कृषक आणि १९६४ मध्ये उडालेले किरण हे जेट प्रशिक्षण विमान आले. १९६५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ६ डिसेंबर १९९१ रोजी त्यांचे निधन झाले.

गाडीवरचे छोटे पंख याच थराशी खेळतात. ते बारीक भोवरे निर्माण करून वरची वेगवान हवा खाली ओढतात, त्यामुळे थर उशिरा सुटतो. मात्र मागची काच हळूहळू उतरत असेल, तरच फायदा होतो. मागून सरळ कापलेल्या गाडीत हवा कडेपाशी सुटणारच. डिकीवरचा पंखा म्हणजे विमानाचा पंख उलटा बसवलेला : तो मागची चाके रस्त्यावर दाबतो, पण त्यासाठी हवेचा विरोध वाढतो.

शिवाय हा सारा खेळ वेगाचा आहे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. मोहर्ली गेटमधून ताडोबात ताशी २० किलोमीटरने निघालेल्या जिप्सीपेक्षा महामार्गावर ताशी १०० ने धावताना त्याच जिप्सीला २५ पट विरोध होतो. जंगलातल्या किंवा शहरातल्या वेगाला असे पंख केवळ शोभेचे. गाडीचा आकार आणि रोजचा वेग पाहूनच त्यांवर खर्च करावा.