पंधराव्या वर्षीचं गाणं

मैत्रिणींनो, १९८० सालचे गणपती आठवतात का कुणाला? आमच्या आळीतल्या मंडपात आरती आटोपली रे आटोपली, की कर्ण्यावर 'आप जैसा कोई' सुरू व्हायचं. 'कुर्बानी' त्याच वर्षी आला होता. पडद्यावर झीनत अमान, त्यामुळे गाणारीही अशीच कुणी मोठी, झगमगीत बाई असणार, असं मी धरूनच चालले होते. ती माझ्याच वयाची शाळकरी पोर आहे हे कळलं, तेव्हा मी चाटच पडले!

तिचं नाव नाझिया हसन. जन्म कराचीचा, ३ एप्रिल १९६५. लहानपण कराची आणि लंडन असं दोन्हीकडे गेलं. पाकिस्तानी टीव्हीवर मुलांच्या कार्यक्रमात गायची, बस्स, अनुभव काय तो एवढाच. लंडनमधल्या एका पार्टीत फिरोज खान यांनी तिचं गाणं ऐकलं आणि तिची गाठ संगीतकार बिद्दूंशी घालून दिली. बिद्दू मूळचे बंगलोरचे, पण लंडनला जाऊन डिस्को संगीतात नाव कमावलेले. 'कुर्बानी'ची बाकी गाणी कल्याणजी-आनंदजींची, हे एकच बिद्दूंचं. रेकॉर्डिंगही तिकडे लंडनलाच झालं.

आपले कान लता-आशांच्या आवाजावर पोसलेले. त्यात हा कोवळा, किंचित नाकातला आवाज. ना ताना, ना मुरक्या. माझ्या आजीने तर तोंडच वाकडं केलं! पण त्या ठेक्यावर हाच साधा आवाज असा काही बसला, की पोरंसोरं नाचायलाच लागली. १९८१ साली तिला या गाण्यासाठी फिल्मफेअर पुरस्कार मिळाला, तेव्हा ती जेमतेम पंधरा वर्षांची होती.

त्याच वर्षी भाऊ झोहेब आणि बिद्दूंबरोबर तिने 'डिस्को दीवाने' काढला. सिनेमा नाही, हिरो-हिरॉईन नाही, नुसती गाणी. तरी भारतात आणि पाकिस्तानात तो तुफान खपला.

मला कौतुक वाटतं ते पुढचंच. एवढं नाव झालं, तरी पोरीने पुस्तकं मिटली नाहीत. लंडनमध्ये कायद्याची पदवी घेतली, न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांत काम केलं. गाणंही चालूच होतं. १९९२ च्या 'कॅमेरा कॅमेरा'नंतर मात्र तिने ते थांबवलं. गरीब मुलांसाठी, व्यसनांविरुद्ध ती काम करत राहिली. १९९५ मध्ये लग्न झालं, १९९७ मध्ये मुलगा झाला. पण फुप्फुसाच्या कॅन्सरने गाठलं, आणि १३ ऑगस्ट २००० रोजी लंडनमध्ये ती गेली. वय अवघं ३५.

मी दहावीला गाण्याचा क्लास सोडला. घरात कुणी जबरदस्ती केली नव्हती हो! गाणं की अभ्यास, दोन्हींतलं एकच असतं, असं मलाच वाटत होतं. परवा माझी भाची म्हणाली, मावशी, दहावी आली, आता पेटी बंद. मी तिला जवळ बसवून नाझियाची गोष्ट सांगितली. ती काही बोलली नाही. पण संध्याकाळी आतल्या खोलीतून पेटीचे सूर आले, आणि मी गॅस बारीक करून ऐकत उभी राहिले.