दुष्काळात आई-बाप गेले, पुढं दुष्काळातल्या लेकींची आई झाल्या : केडगावच्या पंडिता रमाबाई

पुणे-दौंड रेल्वेमार्गावर केडगाव स्टेशन लागतं. तिथं उतरून मुक्ती मिशन विचारलं की कुणीही वाट दाखवतं. पण ही संस्था ज्या बाईंनी उभी केली, त्यांचं बालपण कुठल्या उपासमारीत गेलं, हे आपल्या दौंड तालुक्यातही फार जणांना ठाऊक नसतं. देव देईल या भरवशावर त्यांचं घर एकदा पार बुडालं होतं. आणि त्याच भरवशावर त्यांनी पुढं शेकडो मुलींची चूल पेटती ठेवली. या दोन भरवशांत फरक काय होता, तेच आज बघायचं आहे.

रमाबाईंचा जन्म 23 एप्रिल 1858 चा, सह्याद्रीतल्या गंगामूळच्या रानातला. वडील अनंतशास्त्री डोंगरे संस्कृतचे मोठे पंडित. बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून लोकांचा रोष घेतलेला माणूस. आल्यागेल्याचा पाहुणचार करता करता पैसा संपला आणि कुटुंब तीर्थयात्रेला बाहेर पडलं. रमा तेव्हा काही महिन्यांची. वेताच्या पेटीत घालून, डोक्यावर घेऊन तिला नेलं. पुढं कैक वर्षं देवळात, घाटावर पुराण सांगायचं आणि लोक देतील त्यावर पोट भरायचं, असंच चाललं.

1870 च्या दशकात मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला. लोकांच्याच घरात दाणा नाही, तर पुराणिकाला कोण देणार? अनंतशास्त्रींनी देव प्रसन्न व्हावा म्हणून जवळचं होतं नव्हतं ते दानधर्मात आणि अनुष्ठानात घातलं. मग दागिने विकले, मग भांडी, मग कपडे. अंगमेहनतीचं काम कुणाला येत नव्हतं आणि भीक मागायला जीभ रेटत नव्हती. सगळे रानात गेले. अकरा दिवस पाणी, झाडपाला आणि मूठभर रानखजुरावर काढले. दृष्टी गेलेल्या म्हाताऱ्या शास्त्रीबुवांनी जलसमाधी घ्यायचं ठरवलं. तेव्हा मुलगा श्रीनिवास म्हणाला की आपण मजुरी करू. शास्त्रीबुवांचा तो बेत टळला, पण थोड्याच दिवसांत ते गेले.

पाठोपाठ आई तापानं अंथरुणाला खिळली. रमा शेजारच्या घरी भाकरी मागायला गेली, पण लाजेनं तोंडातून शब्द फुटेना. त्या बाईनंच ओळखलं आणि भाकरीचा तुकडा हातावर ठेवला. आईला तो गिळवला नाही. ती गेली तेव्हा तिरडी उचलायला माणसं पुरेनात, म्हणून रमाच चौथी झाली. उंची कमी, खांदा पुरेना. तिनं तो भार डोक्यावर घेतला. काही महिन्यांनी थोरली बहीणही गेली.

उरलेली दोघं भावंडं देशभर पायी हिंडली. थंडीत ऊब मिळावी म्हणून झेलमच्या काठी वाळूत खड्डे करून गळ्यापर्यंत पुरून घ्यायची. 1878 ला ती कलकत्त्याला पोचली. तिथल्या विद्वानांनी रमाबाईंना पंडिता ही पदवी दिली. पुढचं बऱ्याच जणांना माहीत असतं. भाऊ गेला, बिपिनबिहारींशी लग्न झालं, दोनच वर्षांत 1882 ला पती गेले आणि तान्ही मनोरमा घेऊन त्या पुण्याला आल्या. 1883 ला इंग्लंडात त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. 11 मार्च 1889 रोजी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढलं आणि पुढच्याच वर्षी ते पुण्याला हलवलं. तिथं धर्मांतराच्या प्रश्नावर गदारोळ झाला. केसरीनं टीका केली, रानडे-भांडारकरांनी सल्लागारपद सोडलं, पालकांनी मुली काढून नेल्या. हा वाद आजही मिटलेला नाही. दोन्ही बाजूंनी बोलण्यासारखं आहे, पण तो वेगळा विषय.

शारदा सदनाला पैसा येत होता अमेरिकेतल्या मंडळाकडून, आणि त्यांनी शब्द दिला होता दहाच वर्षांचा. मुदत 1898 ला संपणार होती. त्याच सुमारास रमाबाईंनी इंग्लंडच्या ब्रिस्टल शहरातल्या जॉर्ज म्युलरचं चरित्र वाचलं. हा गृहस्थ कुणाकडेही पैसे न मागता, नुसत्या प्रार्थनेवर अनाथाश्रम चालवत होता. आपणही तसंच करायचं, असं रमाबाईंनी मनाशी घेतलं.

आता इथं नीट बघा. देवावर भरवसा टाकला म्हणून बाई हातावर हात ठेवून बसल्या नाहीत. केडगावला शंभर एकरांच्या आसपास जमीन घेतली. विहिरी खोदल्या. संत्री, आंबा अशी फळझाडं लावली, की अमेरिकेचा पैसा थांबला तर बागेचं उत्पन्न असावं. बापानं शेवटचा पैसा अनुष्ठानात घातला होता, लेकीनं तो रानात घातला!

झाडं अजून लहान होती तोवर 1896-97 चा दुष्काळ आला. मध्य प्रांतातल्या हालाच्या बातम्या ऐकून जुने दिवस आठवले आणि त्या तिकडं गेल्या. मदत छावण्यांत अनाथ मुलींचं काय होतंय ते डोळ्यांनी पाहिलं. हाती पैसा बेताचाच. तरी सुमारे तीनशे मुली घेऊन आल्या. पुण्यात प्लेग सुरू होता, शहरात इतक्या मुली ठेवायला सरकार परवानगी देईना. म्हणून केडगावच्या शेतात तंबू आणि गवताची छपरं उभी राहिली. मुक्ती सदन तिथं सुरू झालं, बांधकाम मागाहून. पुढं 1899-1900 ला गुजरात-राजपुतान्यात मोठा दुष्काळ पडला, तेव्हा आकडा दोन हजारांच्या घरात गेला.

एवढी तोंडं रोज कशी भरली? पैसा इंग्लंड, अमेरिका, ऑस्ट्रेलियातून यायचा. रमाबाई कामाचा वृत्तांत छापून पाठवायच्या, मुक्ती प्रेयर बेल नावाचं पत्रकही निघायचं. म्हणजे जगाला कळत होतंच. कुणी म्हणेल, मग देवानं कुठं दिलं, माणसांनीच दिलं की. रमाबाईंना हे दोन वेगळे वाटतच नव्हते.

आणि त्यांनी कुठलीही मुलगी नुसती बसवून पोसली नाही. शेती, विणकाम, शिवण, दूधदुभतं, तेलाचा घाणा, छापखाना, ज्या मुलीला जे जमेल ते शिकवलं. अंध मुलींना ब्रेल शिकवलं. आपल्या आईबापांनी विद्या भरपूर दिली, पण पोटाला चार पैसे मिळवून देईल असं काही शिकवलं नाही, ही सल त्यांच्या मनात कायम होती.

त्यांचा सगळा भरवसा मनोरमेवर होता, पण ती 24 जुलै 1921 ला आईच्या आधी गेली. रमाबाईंचं निधन 5 एप्रिल 1922 रोजी केडगावलाच झालं. बायबलचं मूळ भाषांवरून सोप्या मराठीत केलेलं त्यांचं भाषांतर दोन वर्षांनी, 1924 मध्ये, मुक्तीच्याच छापखान्यातून बाहेर पडलं.