साने गुरुजी : छात्रालयापासून आंतरभारतीपर्यंत

पांडुरंग सदाशिव साने ह्यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील दापोली तालुक्यात पालगड ह्या गावी झाला. घराणे खोतांचे, परंतु पांडुरंग जाणता होईतो घराची स्थिती पार खालावली होती, आणि दापोली, औंध, पुणे असे त्यांचे पुढील शिक्षण दुसऱ्यांच्या ओसरीवर आणि अर्धपोटी झाले. आई यशोदाबाई १९१७ साली गेल्या. ह्या बालपणाची हकिकत ‘श्यामची आई’मुळे मराठी वाचकाला इतकी परिचित आहे की ती येथे पुन्हा सांगण्याचे प्रयोजन नाही. किंबहुना त्या पुस्तकाच्या अलोट लोकप्रियतेने गुरुजींच्या चरित्रावर एक प्रकारचा अन्यायच केला आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. मातृभक्त, हळवा, सदा डोळ्यांत पाणी असलेला कथाकार एवढीच त्यांची प्रतिमा रूढ झाली. आणि शिक्षणाची एक पुरती कल्पना ज्याने आयुष्यभर घडवत नेली तो शिक्षक मागे पडला.

१९२४ साली एम.ए. होऊन ते अमळनेरला गेले ते शिक्षक होण्यासाठी नव्हे. श्रीमंत प्रतापशेठ ह्यांनी तेथे तत्त्वज्ञान मंदिर स्थापिले होते, व तेथे राहून तत्त्वचिंतन करावे असा त्यांचा मानस होता. त्या शुष्क वातावरणात त्यांचे मन रमले नाही. त्याच वर्षी खानदेश एज्युकेशन सोसायटीच्या शाळेत, म्हणजे पुढे प्रताप हायस्कूल म्हणून प्रसिद्धीस आलेल्या शाळेत, ते रुजू झाले. काही काळाने छात्रालयाची व्यवस्थाही त्यांच्याकडे आली, आणि तेथेच ते खऱ्या अर्थाने ‘गुरुजी’ झाले.

छात्रालयातील त्यांची रीत विलक्षण होती. मुलांची अंथरुणे विस्कटलेली दिसली की ती स्वतः घड्या घालून ठेवावी, खोली झाडावी, कंदिलाची काच पुसावी, आजारी मुलाच्या उशाशी रात्र काढावी. मात्र ह्यांबद्दल बोलू नये. दोनचार दिवसांत मुले लाजून आपली कामे आपणच करू लागत. ह्यापुढची गोष्ट मात्र अभ्यासकांनी अधिक लक्षात घ्यावयास हवी. ते मुलांसाठी रोज हाताने लिहून ‘छात्रालय’ नावाचे दैनिक काढीत. पुढे ‘विद्यार्थी’ हे मासिकही त्यांनी चालविले. खानदेशातल्या, केळी-कापसाच्या मुलखातल्या मुलांना जगातल्या घडामोडी, थोरांची चरित्रे, इतर देशांतील लोकांची सुखदुःखे त्यांच्याच बोलीच्या जवळच्या मराठीत वाचावयास मिळत. खोली झाडणे आणि जगाचे वर्तमान कळणे ह्या दोहोंत त्यांना अंतर दिसले नाही. दोन्ही गोष्टींनी मूल स्वतःपलीकडे पाहावयास शिकते, इतकाच त्यांचा हिशेब होता.

१९३० साली सत्याग्रहात उतरण्यासाठी त्यांनी नोकरीचा राजीनामा दिला. सहा वर्षांची ही शिक्षकी येथे संपली असे म्हणण्याचा प्रघात आहे. परंतु पुढील वीस वर्षांत त्यांनी शाळा तेवढी सोडली होती. धुळ्याहून त्यांना त्रिचनापल्लीच्या तुरुंगात नेण्यात आले. तेथे दक्षिणेतील निरनिराळ्या प्रांतांचे राजबंदी एकत्र होते. एकाच ध्येयासाठी तुरुंगात आलेली ही सुशिक्षित माणसे परस्परांशी बोलताना इंग्रजीचा आश्रय घेत, नाहीतर गप्प बसत. गुरुजींना ही गोष्ट फार लागली. त्यांनी तमिळ शिकण्यास आरंभ केला, बंगालीही अभ्यासिली, आणि तिरुवळ्ळुवरांच्या ‘कुरल’चा मराठी अनुवाद केला. आंतरभारतीचे बीज ह्या कोठडीत आहे. एका राष्ट्राची घोषणा करणाऱ्यांना शेजाऱ्याचे अभंग ठाऊक नाहीत, ही उणीव त्यांनी प्रथम स्वतःच्या ठिकाणी पाहिली व प्रथम स्वतःपुरती भरून काढावयास घेतली.

१९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी दर रविवारी एक ह्याप्रमाणे गीतेच्या अठरा अध्यायांवर प्रवचने दिली. ती आज ‘गीता प्रवचने’ म्हणून उपलब्ध आहेत ती गुरुजींनी समोर बसून भराभर टिपून घेतली म्हणूनच. पुढे हे पुस्तक भारतीय भाषांमधून देशभर पसरले. १९५७च्या सुमारास भूदान-पदयात्रेत ह्याच विनोबांनी जय जगत हा घोष दिला. १९५९ साली लखनौला अवघ्या पाच मुलांनिशी निघालेल्या आणि आज अलीगंजसह त्या शहरभर शाखा असलेल्या सिटी माँटेसरी शाळेने तो आपल्या मुलांच्या मुखी अभिवादन म्हणून घातला. त्या शाळेला २००२ साली युनेस्कोचे शांतिशिक्षणाचे पारितोषिकही लाभले. धुळ्याची बराक आणि अलीगंजचा वर्ग ह्यांना जोडणारा हा धागा सहसा कोणी दाखवीत नाही. पण ह्या धाग्यावरच एक प्रश्नही उभा राहतो, व तो गुरुजींच्या चरित्राच्या मध्यभागी आहे : मुलाला जगाचे नागरिक करावयाचे तर वाट कोठून जाते?

गुरुजींचे उत्तर त्यांच्या लेखनापेक्षा त्यांच्या कृतीत अधिक स्पष्ट आहे. नाशिकच्या तुरुंगात ९ ते १३ फेब्रुवारी १९३३ ह्या पाच दिवसांत ‘श्यामची आई’चा बहुतेक भाग लिहून झाला. त्यात एक प्रसंग आहे. रस्त्यात बसलेल्या म्हाताऱ्या महारणीला तिची मोळी डोक्यावर चढवून दे, असे आई श्यामला सांगते, आणि मग घरी येऊन स्नान कर असेही सांगते. आजच्या वाचकाला हे स्नान खटकते, आणि ते खटकावयासच हवे. परंतु गुरुजी त्या स्नानापाशी थांबले नाहीत. १९४६-४७च्या सुमारास सहा महिने महाराष्ट्रभर हिंडून त्यांनी पंढरपूरचे विठ्ठलमंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून लोकमत जागविले, आणि १ मे १९४७ रोजी पंढरपुरात उपोषण आरंभिले. दहा मे रोजी ते सुटले. मंदिर खुले होण्याचे ठरले होते. जगाशी बंधुभाव सांगणाऱ्याने आधी आपल्या गावच्या देवळाच्या पायरीशी काय केले, ही कसोटी त्यांनी स्वतःस लावली. विश्वबंधुत्वाच्या मराठी उद्गारांना तोटा नाही. ही कसोटी मात्र फार थोड्यांनी स्वीकारली आहे.

ह्याचा अर्थ त्यांची दृष्टी गावापुरती होती असा नव्हे. टॉलस्टॉयच्या कलाविषयक ग्रंथाचा ‘कला म्हणजे काय?’ हा अनुवाद त्यांनीच केला. पैगंबरांच्या चरित्रावरील ‘इस्लामी संस्कृती’ हे पुस्तक त्यांनी तुरुंगात लिहिले; ते प्रसिद्ध झाले त्यांच्या मृत्यूनंतर. त्यांचे मराठी भाबडे आहे, युक्तिवाद पुष्कळदा भावनेच्या लोंढ्यात वाहून जातो, हे टीकाकारांचे म्हणणे नाकारण्याचे कारण नाही. परंतु हे सारे लेखन पंधरा वर्षांच्या मुलाला डोळ्यांसमोर ठेवून झाले आहे, हे ध्यानी घेतल्यावाचून त्यावर केलेला निवाडा अपुरा ठरतो.

गांधीजींच्या हत्येनंतर, फेब्रुवारी १९४८ मध्ये, त्यांनी एकवीस दिवसांचे उपोषण केले. त्याच वर्षी १५ ऑगस्टला ‘साधना’ साप्ताहिक सुरू झाले. १९४९ साली पुण्यास आचार्य शं. द. जावडेकर ह्यांच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या साहित्य संमेलनात त्यांनी आंतरभारतीची कल्पना मांडली. नावातच रवींद्रनाथांच्या विश्वभारतीचे स्मरण आहे, आणि फरकही आहे. शांतिनिकेतनात विश्व एका घरट्यात यावे अशी आकांक्षा होती. गुरुजींना वाटे, त्याआधी भारतातील प्रांतांनी एकमेकांच्या घरी जावे. निरनिराळ्या भाषा शिकण्याची सोय असलेले एक केंद्र, तेथे राहणारे तरुण, प्रांताप्रांतांची गाणी, नृत्ये, वाङ्मय ह्यांची देवघेव असा तो आराखडा होता. भाषा शिकणे म्हणजे परीक्षेचा एक विषय वाढविणे नव्हे, तर दुसऱ्याच्या घरात पाहुणा म्हणून राहता येणे, ही त्यामागील भूमिका. ह्यासाठी ते निधी जमवू लागले.

तो जमून काही उभे राहण्यापूर्वीच, ११ जून १९५० रोजी, त्यांनी आपल्या हाताने जीवनाचा शेवट केला. स्वातंत्र्यानंतर दिसू लागलेल्या समाजाने ते फार खचले होते. कारणांची चर्चा पुष्कळ झाली आहे. ती येथे वाढविण्यात अर्थ नाही.

आंतरभारतीचे काम यदुनाथ थत्ते व इतर सहकाऱ्यांनी आपल्या परीने चालू ठेवले. १९५४ साली साहित्य अकादेमी स्थापन झाली व भाषाभाषांतील अनुवादाला सरकारी आश्रय मिळाला. पण तो प्रौढ वाचकांचा व्यवहार होता. गुरुजींना अभिप्रेत होते ते मूल. १९६८च्या त्रिभाषा सूत्रात हिंदी प्रदेशाने दक्षिणेची एखादी भाषा शिकावी अशी अपेक्षा होती. ती बहुतेक ठिकाणी संस्कृतवर भागली, आणि महाराष्ट्रात तिसरी भाषा म्हणजे हिंदी ह्यापलीकडे विचार गेला नाही. २०२५ साली पहिलीपासून हिंदीचा शासननिर्णय काढून सरकारला तो मागे घ्यावा लागला. त्या वादात दोन्ही बाजूंनी सक्ती आणि अस्मिता हे शब्द आले. कन्नड, तेलुगू, गुजराती ह्या शेजारणींचे नाव क्वचितच निघाले.

मुंबई महानगरपालिका मराठीसह आठ माध्यमांच्या शाळा चालविते. त्यांत तमिळ, तेलुगू, कन्नड, गुजराती आहेत. अनेकदा दोन माध्यमांचे वर्ग एकाच इमारतीत, एकाच जिन्याच्या दोन बाजूंना भरतात. मधल्या सुटीत ती मुले एकत्र खेळतात, आणि घंटा झाली की आपापल्या भाषेत परततात. मराठी माध्यमाच्या मुलांनी तमिळ, तेलुगू, कन्नड वा गुजराती शिकावी ह्यासाठी वेळापत्रकात तास नाही.