बागेचे झाले कबरस्तान

पावसाळा आला की आमच्या यवतमाळच्या जुन्या दफनभूमीत एक वाद हमखास उगवतो. कबरींमधले सगळे रान काढून तिथे सिमेंटचे गट्टू बसवावेत, असे एका पक्षाचे म्हणणे. पूर्वजांच्या उशाशी तण माजलेले बरे दिसत नाही, हा त्यांचा मुद्दा अगदीच चुकीचा नाही. वडिलांच्या कबरीपर्यंत पोचायला मलाही काठीने गाजरगवत झोडपत जावे लागते. तरी मी दुसऱ्या पक्षात आहे. गाजरगवत आणि घाणेरी खुशाल उपटा. पण त्या जागी तेरडा, कुंभा, पिवळी तिळवण, काटेकोरांटी अशी इथलीच फुले लावा, असे आम्ही सांगतो. आम्ही म्हणजे मला धरून तिघे जण.

या वादात मला आधाराला सापडलेला माणूस विदर्भातला नाही. त्याने वऱ्हाडात कधी पाऊल टाकले असेल, असेही वाटत नाही. पण बाग आणि कबरस्तान यांची गाठ त्याच्या कहाणीत जशी पडली आहे, तशी दुसरीकडे मी पाहिली नाही. त्याचे नाव जॉन ग्रॅहम. मुंबई आणि आसपासच्या वनस्पतींची पहिली मोठी छापील सूची करणारा म्हणून वनस्पतिशास्त्राचे अभ्यासक त्याला ओळखतात.

ग्रॅहम १८०५ साली स्कॉटलंडमधल्या डम्फ्रीसशायरमध्ये जन्मला. सर जॉन माल्कम हाही त्याच भागातला. मुंबईचा गव्हर्नर झालेल्या या बड्या माणसाच्या आश्रयाने ग्रॅहम हिंदुस्थानात आला आणि डेप्युटी पोस्टमास्टर जनरल झाला. वशिल्याने मिळालेल्या नोकऱ्यांचे पुढे काय होते, ते आपण जाणतोच. या माणसाने मात्र टपाल सांभाळून झाडे मोजली.

१८३० मध्ये मुंबईत कृषी व उद्यानविषयक संस्था निघाली. तिची बाग शिवडीला होती आणि तिची देखरेख ग्रॅहमकडे आली. त्या काळच्या अशा बागांचा हेतू उघड होता. परमुलखातली उपयोगी झाडे आणायची, इथल्या हवेत रुजवायची आणि व्यापार वाढवायचा. ग्रॅहमच्या सूचीत ही बागेतली पाहुणी झाडे आहेतच. पण त्याचा जीव कुंपणाबाहेर रमत असावा. कोकणातली, घाटातली, खंडाळ्याच्या दऱ्यांमधली रानटी झाडेझुडपे त्याने टिपली आणि लोक त्यांना काय म्हणतात, ती नावेही नोंदवली. ज्याला आपण तण म्हणून उपटतो, त्यालाही नाव असते, हे त्याने साहेबी दप्तरात नेऊन ठेवले.

फुलावर माशी का बसते, याचा विचार तेव्हा फारसा कोणी करत नव्हते. श्प्रेंगेल नावाच्या जर्मन गृहस्थाने १७९३ मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला, पण विद्वानांनी तो बाजूला सारला. डार्विनचे ऑर्किडवरचे पुस्तक आले १८६२ मध्ये. ग्रॅहमचे सारे आयुष्य या दोन सालांच्या मधले.

आणि ते फार थोडे होते. २८ मे १८३९ रोजी तो खंडाळ्यात वारला. वय जेमतेम चौतीस. सूचीची सुमारे दोनशे पाने छापून झाली होती, बाकीची राहिली होती. ती त्याचा मित्र जोसेफ निम्मो याने पुरी केली आणि पुस्तक त्याच वर्षी बाहेर पडले. याच पुस्तकात ग्रॅहमने सह्याद्रीतल्या एका झाडाला निम्मोचे नाव दिले आहे. आपण त्याला चौरा किंवा जंगली भेंडी म्हणतो. पावसाच्या अखेरीस त्याला मोठी पिवळी फुले येतात. खुद्द ग्रॅहमचे नाव पुढे सोनकीला मिळाले होते. आता तिचे शास्त्रीय नाव बदलून मुंबईवरून ठेवले आहे. शास्त्राच्या दप्तरातही बदल्या होतात!

त्याच्या बागेचे पुढे काय झाले? भायखळ्याला १८६२ मध्ये राणीची बाग उघडली आणि १८६५ मध्ये आयुक्त आर्थर क्रॉफर्डने शिवडीची जमीन युरोपियनांच्या कबरस्तानासाठी घेतली. व्हिक्टोरिया टर्मिनस बांधणारा स्टीव्हन्स तिथे आहे, गेटवेचा वास्तुकार विटेट आहे, कवी डॉम मोराइसही आहे.

आता आमचे यवतमाळ. जिल्हाभर कपाशी आणि कपाशीवर फवारणी. २०१७ मध्ये फवारताना विषबाधा होऊन इथे वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो इस्पितळात गेले. माणसांची ही गत, तर माश्यांचे कोण मोजतो? सातेरी आणि फुलोरी माश्या निदान पोळ्यावरून ओळखू तरी येतात. पण एकेकट्या राहणाऱ्या कितीतरी रानमाश्या मोकळ्या मातीत बीळ करून अंडी घालतात. कपाशीच्या पाट्यात उभी असलेली तूरही फुलावर आली की माश्यांची वाट पाहते. न नांगरलेली, न फवारलेली जमीन त्यांना आता कुठे मिळणार? वर्षानुवर्षे कोणी औत न घातलेली आमची दफनभूमी तशी आहे. तिच्यावर गट्टू बसले की बिळांची दारेच बंद.

शेजारच्या शेतकऱ्याची तक्रार मात्र मला मान्य करावी लागली. कुर्डूचे बी त्याच्या शेतात गेले, तर निंदणाचा खर्च त्याच्या डोक्यावर. म्हणून कुर्डू मी यादीतून काढला. मनातून नव्हे.

यंदा तडजोड झाली आहे. मुख्य वाटेला गट्टू, आणि मागच्या कोपऱ्यातल्या कडुनिंबाखालची जागा आमच्या हवाली. तिथे उन्हाळ्याआधी घाणेरी खणून काढायची आहे, तिची मुळे चिवट असतात. बियांची जुळवाजुळव त्याआधीच केली पाहिजे. तेरड्याची बोंडे पुरती पिकली की हात लावताच फुटतात आणि बी चहूकडे उडते. त्यामुळे ती थोडी कच्ची असतानाच, झाडावरच कापडी पिशवी बांधून ठेवावी लागते.