पोरं शाळेत येईनात, म्हणून ताराबाई मोडकांनी शाळाच अंगणात नेली

अंगणवाडी हा शब्द आज गावोगाव सगळ्यांच्या तोंडी आहे. पण लहान मुलांच्या शाळेच्या नावात ‘अंगण’ कुठून आलं, असा प्रश्न फारसा कुणाला पडत नाही. त्याचं उत्तर डहाणू तालुक्यातल्या वारली पाड्यांवर सापडतं, आणि तिथे पोचायला ताराबाई मोडकांना पन्नाशी ओलांडावी लागली.

ताराबाईंचा जन्म 19 एप्रिल 1892 चा, मुंबईतला. माहेरचं आडनाव केळकर. वडील सदाशिवराव प्रार्थना समाजाचे, आणि त्यांनी विधवेशी लग्न केलेलं. त्या काळात अशा घराकडे नातेवाईक पाठ फिरवत. म्हणजे चारचौघांपेक्षा वेगळ्या घरात वाढणं काय असतं, हे ताराबाईंना लहानपणापासून माहीत होतं. 1914 मध्ये त्या बी.ए. झाल्या. अमरावतीच्या मोडक वकिलांशी लग्न झालं, पण संसार टिकला नाही. 1921 मध्ये त्या वेगळ्या झाल्या आणि लहान मुलीला घेऊन राजकोटला गेल्या. तिथल्या बार्टन स्त्री अध्यापन महाविद्यालयात त्या प्राचार्य झाल्या. शंभर वर्षांपूर्वी एकट्या बाईने मूल वाढवत नोकरी करणं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको.

भावनगरचे दिवस

त्याच सुमारास भावनगरच्या ‘दक्षिणामूर्ती’ संस्थेत गिजुभाई बधेका मुलांना न मारता, न धमकावता शिकवण्याचे प्रयोग करत होते. ताराबाई पगाराची, मानाची नोकरी सोडून 1923 मध्ये तिथे दाखल झाल्या. 1926 मध्ये नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला.

गिजुभाई आणि ताराबाई दोघांनाही एक गोष्ट लवकर कळली होती. बालमंदिरात मूल दिवसातले काही तासच असतं, बाकीचा वेळ घरी. शाळेत मोकळेपणा आणि घरी छडी असेल तर काय उपयोग? म्हणून ‘शिक्षण पत्रिका’ निघाली, आधी गुजरातीत आणि पुढे मराठीतही. मुलाला धाक का दाखवू नये, त्याची कामं त्यालाच का करू द्यावीत, खोटं बोललं तर काय करावं, असे विषय त्यात असत. आज याला पालकशिक्षण म्हणतात. पुढे ताराबाई मुंबईला आल्या आणि 1936 मध्ये दादरच्या हिंदू कॉलनीत शिशुविहार सुरू झालं.

हे सगळं चांगलं चाललं होतं, पण ते वाचता येणाऱ्या आईबापांसाठी होतं. फी परवडणाऱ्यांसाठी होतं. इथे एक गंमत आहे. माँटेसरीबाईंनी आपलं पहिलं बालगृह 1907 मध्ये रोममधल्या कामगारांच्या वस्तीत काढलं होतं. तीच पद्धत भारतात आली आणि महागड्या साधनांमुळे सुखवस्तू घरांची होऊन बसली. ताराबाईंना हे खटकत होतं. महात्मा गांधींच्या खेड्यांविषयीच्या आग्रहाने त्यात भर पडली.

बोर्डीत काय घडलं?

1945 मध्ये त्यांनी बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केलं. बोर्डी तेव्हा ठाणे जिल्ह्यात होतं, आता पालघरमध्ये येतं. सोबतीला अनुताई वाघ आल्या. त्या लहानपणीच विधवा झालेल्या, शिक्षिका म्हणून काम केलेल्या.

वर्ष लक्षात घ्या. याच 1945 मध्ये या पट्ट्यात गोदावरी परुळेकरांच्या नेतृत्वाखाली वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध उठाव केला होता. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी जमीनदाराकडे वर्षानुवर्षं राबणाऱ्या ‘लग्नगड्यां’ची ही माणसं. शिकलेला, पांढरपेशा माणूस पाड्यावर आला की तो काहीतरी मागायला किंवा न्यायलाच आला असणार, हा त्यांचा अनुभव होता.

मग बालवाडी उघडली म्हणून पोरं धावत येतील, हे कसं व्हावं? ती आली नाहीत. आईबापांना शिक्षणाचं महत्त्व समजत नाही, असं म्हणून मोकळं होणं सोपं होतं. पुष्कळांनी तेच म्हटलं असतं, अजूनही म्हणतात. ताराबाईंनी उलट बाजूने पाहिलं. आई पहाटेच मजुरीला जाते. मोठी बहीण तान्ह्या भावाला कडेवर घेऊन बसते. भाऊ गुरं राखतो. यातलं एक मूल शाळेत ओढलं तर घराचं काम अडतं. म्हणजे अडचण आईबापांच्या मनात नव्हती, शाळेच्या वेळेत आणि जागेत होती.

मग शाळाच उठून गेली. शिक्षिका पाड्यावर जाई, एखाद्या घराच्या अंगणात पोरं गोळा करी, त्यांना नीटनेटकं करी आणि गाणी, गोष्टी, खेळ सुरू होत. हीच अंगणवाडी. याचा एक मोठा फायदा असा की आया हे सगळं जाता-येता पाहू शकत. त्यांना ‘शिक्षण पत्रिका’ वाचता येत नव्हती, पण आपलं पोर न मारता कसं ऐकतं, नखं का कापायची, हे समोर दिसत होतं. उपदेश ऐकायला कुणाला बोलवावं लागत नव्हतं.

साधनंही बदलली. विकतच्या लाकडी ठोकळ्यांऐवजी गारगोट्या, बिया, शंख-शिंपले, पानं आली. लहान-मोठं, जड-हलकं, खरखरीत-गुळगुळीत हे सगळं त्यातून शिकवता येतं, आणि घरी गेल्यावर तेच खेळणं दारातही सापडतं. मुलाला ज्या वस्तूंची ओळख आहे तिथूनच सुरुवात.

कोसबाडची टेकडी

1957 च्या सुमारास काम कोसबाडच्या टेकडीवर, थेट आदिवासी मुलखात गेलं. तिथली ‘विकासवाडी’ हा ताराबाईंच्या विचाराचा सगळ्यात पक्का नमुना म्हणावा लागेल. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा, तिन्ही एकाच आवारात. वरवर ही इमारतींची सोय वाटते. पण भावंड सांभाळणारी मुलगी आता त्या भावंडाला घेऊनच येऊ शकत होती; त्याला पाळणाघरात ठेवून ती वर्गात बसे. तिने भाऊ सांभाळणं सोडावं, अशी अट कुणी घातली नाही.

गुराखी पोरांसाठी कुरणशाळा निघाली. गुरं कुरणात चरत आणि शिक्षक तिथेच शिकवत. दिवसभर कामाला जाणाऱ्यांसाठी रात्रीचे वर्ग होते. चार भिंती नसलेल्या या शाळांना सरकारी चौकटीत बसवणं सोपं नव्हतं, हे वेगळं.

1962 मध्ये ताराबाईंना पद्मभूषण मिळालं. 31 ऑगस्ट 1973 रोजी त्यांचं निधन झालं. त्यानंतर दोन वर्षांनी, 2 ऑक्टोबर 1975 ला केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि तिच्या केंद्रांना देशभर अंगणवाडी म्हटलं जाऊ लागलं. यातल्या बऱ्याच अंगणवाड्या आज ठरलेल्या वेळी, ठरलेल्या खोलीत भरतात. कोसबाडचं काम ताराबाईंच्या मागे अनुताईंनी पुढे चालवलं.